सुई कपड्यात टोचून ठेवू नका: नैसर्गिक रंगाचा कपडा आणि क्रॉस स्टिच

परवा कपाट आवरताना एक जुनं काम हातात आलं. हिरड्याने रंगवलेला फिकट पिवळा आयडा (क्रॉस स्टिचसाठीचा चौकोनी विणीचा सुती कपडा), १४ काउंट, म्हणजे एका इंचात १४ चौकोन, त्यावर फांदीवर बसलेले दोन पक्षी, तीन महिने लागले होते त्याला. आणि नेहमीसारखी माझी नजर पक्ष्यांवर न जाता थेट त्या ठिपक्यावर गेली. डावीकडच्या पक्ष्याच्या शेपटीखाली, मोकळ्या जागेत, मोहरीएवढा काळा-निळसर ठिपका.

झालं असं होतं की मधे काम तीन आठवडे बाजूला पडलं, आणि मी सुई तशीच कपड्यात टोचून ठेवली होती. सगळेच ठेवतात. पांढऱ्या आयडावर मी वर्षानुवर्षं ठेवत आले, फार तर एखादा पिवळट गंजाचा डाग, तोही क्वचित. इथे मात्र काळा, शाई सांडल्यासारखा. नंतर कळलं की ती खरोखरच शाई होती, बाहेरून सांडलेली नाही तर माझ्या कपड्यातच तयार झालेली. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग बनतो, शेकडो वर्षं लोक लिहायची शाई अशीच करायचे, झाडांवरच्या गाठींमधलं टॅनिन आणि हिराकस (लोखंडाचं एक रसायन) एकत्र करून. सुईवर निकेलचा मुलामा असतो पण वापरून वापरून तो घासला जातो, खालचं पोलाद उघडं पडतं, त्यात दमट हवा, बास, एवढंच लागतं.

तो डाग काढायचा मी प्रयत्न केला नाही आणि ते बरंच झालं. गंज काढायची जी रसायनं मिळतात ती लोखंडाबरोबर आजूबाजूचा रंगही घेऊन जातात, म्हणजे काळा ठिपका जाऊन तिथे पांढरट चट्टा आला असता.

त्या ठिपक्यानंतर मी नैसर्गिक रंगाच्या कपड्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तोपर्यंत माझ्या डोक्यात ‘नैसर्गिक रंग’ हा एकच प्रकार होता, नाजूक असतो, हळू धुवायचा, संपलं. पण असं काही नसतं हो. नीळ वेगळी, मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ) वेगळी, हळद वेगळी, चहा वेगळा. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. आणि कपडा विकणारे बहुतेक वेळा फक्त ‘नॅचरल डाय, हँड वॉश’ एवढं लिहून देतात, सोबत रंगाला एखादं छान नाव, आणि आपण त्या नावावर भाळून घेतो. आता मी घ्यायच्या आधी विचारते: कशाने रंगवलाय, आधी तुरटी लावली होती का, हिराकस वापरलंय का, रंगवल्यावर धुतलाय का. ज्याने स्वतः रंगवलंय तो माणूस ही उत्तरं पटकन देतो, आणि आनंदाने देतो. ज्याला उत्तरं माहीतच नाहीत त्याच्याकडून मी मोठ्या कामाचा कपडा घेत नाही.

रंग कपड्याला धरतो कसा हे थोडं सांगते, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच येते. सुती कपडा आणि लिनन दोन्ही सेल्युलोज, आणि सेल्युलोज वनस्पतीचे रंग सहजासहजी धरून ठेवत नाही, लोकर आणि रेशीम त्या मानाने पटकन धरतात. म्हणून सुती कपडा आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातलं मेण, खळ, तेल काढायचं, मग टॅनिन द्यायचं, मग तुरटी किंवा अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटेट, आणि मग रंग. मधली जी तुरटीची पायरी आहे तिला मॉर्डंट म्हणतात, ती एका हाताने कपड्याला धरते आणि दुसऱ्या हाताने रंगाला. अंदाजासाठी, १०० ग्रॅम कोरड्या कपड्याला साधारण ८ ते १० ग्रॅम टॅनिन आणि १५ ग्रॅमच्या आसपास तुरटी लागते, अ‍ॅसिटेट असेल तर ५ ते ८ ग्रॅम पुरतं. ही तयारी नीट झालेली असेल तर कपडा पुष्कळ सोसतो. आणि ती उरकून टाकलेली असेल तर तुम्ही नंतर कितीही जपा, रंग सुटतच राहणार.

बीट, लाल कोबी, जांभळी बेरी वगैरेंनी रंगवलेला कपडा कुणी दिला तर कृपया त्यावर महिनोन्महिने काम करू नका. सुरुवातीला काय सुंदर दिसतो, आणि मग उजेडात काही आठवड्यांत राखाडी-तपकिरी होतो. तो रंग नाही, डाग आहे, कपड्याला धरतच नाही.

हळदीचंही जवळपास तेच. हळद मॉर्डंटशिवाय सुद्धा सुती कपड्यावर झकास चढते आणि म्हणूनच लोक फसतात. उजेडात ती इतक्या लवकर विटते की मी तिच्यावर फक्त छोटी कामं करते, बुकमार्क, ग्रीटिंग कार्ड, जे पुस्तकात किंवा पाकिटात बंद राहणार आहे असं. शिवाय साबण अल्कलाइन असेल तर हळदीचा कपडा पाण्यात पडताक्षणी लालसर होतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, भरपूर साध्या पाण्यात खळबळून काढला की पिवळा परत येतो. पण मुळात त्याला तसला साबण दाखवूच नये.

मंजिष्ठा मात्र माझी सगळ्यात लाडकी. विटकरी, गुलाबी, केशरी, किती छटा देते. मोहेंजोदारोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला एक सुती कपड्याचा तुकडा मिळाला होता, त्यावर याच कुळातला लाल रंग होता, म्हणजे सुतावर हा रंग किती काळ तग धरतो ते बघा. पण तिचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा, आम्ल लागलं की ती केशरीकडे झुकते आणि अल्कली लागली की गुलाबी-जांभळटाकडे. म्हणजे लिंबाचा थेंब उडाला तर तिथे केशरी ठिपका, साबणाचा गोळा तसाच राहिला तर तिथे गुलाबी. आणि रंगवताना भांडं फार तापवलं, ७५-८० अंशांच्या वर नेलं, तर लाल जाऊन तपकिरी येतो. म्हणून दोन वेळा रंगवलेले दोन तुकडे कधीच जुळत नाहीत, तेच मूळ, तीच तुरटी, तेच भांडं असलं तरी नाही. कपडा घेतानाच चारही बाजूंना ३ इंच जास्त धरून एकदम घ्या. नंतर ‘अजून एक तुकडा द्या’ म्हटलं तर तो चुलतभाऊ निघेल, सख्खा नाही.

आता नीळ. नीळ सगळ्यांपेक्षा निराळी, तिला मॉर्डंट लागतच नाही. ती पाण्यात विरघळत नाही म्हणून रंगारी भांड्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन काढून तिचं रूप बदलतात, तेव्हा ती पिवळट-हिरवी होऊन पाण्यात उतरते, कपडा त्यात बुडवून वर काढला की हवेतल्या ऑक्सिजनने डोळ्यांदेखत निळा होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मिनिटभर काही बोललेच नव्हते. पेरूमध्ये हुआका प्रिएटा इथे निळीचे सुती तुकडे सापडलेत ते सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहेत, त्यामुळे निळीच्या टिकाऊपणाबद्दल शंका नको. धुण्याला ती पक्की, उजेडाला बऱ्यापैकी पक्की. तिची अडचण आहे घासण्याची. नीळ धाग्याशी रासायनिक गाठ मारत नाही, धाग्यात आणि धाग्यावर कणांच्या रूपात अडकून बसते, आणि वरवरचे कण हाताला, दोऱ्याला, हूपला (कपडा ताणून धरायच्या गोल कड्याला) लागत राहतात.

क्रॉस स्टिचमध्ये हे फार छळतं आणि त्याचं कारण मला उशिरा सुचलं. गडद निळ्या कपड्यावर पांढऱ्या फ्लॉसने, म्हणजे भरतकामाच्या दोऱ्याने, चांदणं भरत होते, आणि काही टाके स्वच्छ पांढरे तर काही मळकट, आणि त्यात एक शिस्त दिसायची, दहा-बारा टाके पांढरे मग हळूहळू राखाडी होत जाणार मग एकदम परत पांढरे. मला वाटलं हात नीट धुतले नाहीत. मग लक्षात आलं की जिथे नवीन दोरा सुरू होतो तिथे पांढरं आहे आणि जिथे दोरा संपतो तिथे मळकट. सुरुवातीचा भाग कपड्यातून एकदा-दोनदाच जातो, पण सुईजवळचा भाग प्रत्येक टाक्याला आरपार ओढला जातो, तीस-चाळीस वेळा, आणि प्रत्येक वेळी थोडी नीळ पुसून घेतो. उपाय साधा आहे. कपडा आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, कोमट पाणी आणि सौम्य साबण, चार वेळा लागले तर चार वेळा, आणि दोरा नेहमीच्या हातभर लांबीऐवजी ३० सेंटिमीटरच घ्यायचा. दोरा वाया जातो थोडा, जाऊ दे.

पाणी स्वच्छ आलं म्हणजे झालं असं निळीच्या बाबतीत समजायचं नाही बरं का, कारण पाण्यात उतरणं वेगळं आणि घासून निघणं वेगळं. पांढऱ्या सुती रुमालाचा कोपरा बोटावर घ्या, आधी कोरडा दहा वेळा घासा, मग ओला करून दहा वेळा. रुमालावर जे दिसेल तेच तुमच्या पांढऱ्या फ्लॉसवर दिसणार आहे.

ही घासायची टेस्ट मी आता प्रत्येक कपड्यावर करते, रंग कुठलाही असो. दुसरी पाण्याची, कपड्याची छोटी पट्टी आणि त्यावर जे फ्लॉस वापरणार आहे त्यांचे दोन-दोन टाके, विशेषतः गडद लाल, मरून, गडद निळा, काळा, ती पट्टी ओली करून दोन पांढऱ्या कपड्यांच्या मधे दाबून रात्रभर ठेवायची. कोण कोणावर रंग सोडतोय ते सकाळी कळतं. आणि तिसरी उजेडाची, हिला वेळ लागतो पण मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत चार आठवडे चिकटवून ठेवायची. प्रयोगशाळेत हेच काम निळ्या लोकरीच्या प्रमाण पट्ट्या लावून करतात, १ ते ८ अशी मोजपट्टी असते, १ म्हणजे लगेच विटणारा आणि ८ म्हणजे फार टिकणारा, हळद अगदी तळाला येते. आपल्याकडे तसल्या पट्ट्या नसल्या तरी पुठ्ठा आणि खिडकी आहे की. चार आठवड्यांनी पुठ्ठा काढला की खरं काय ते समोर येतं.

उजेडाचा प्रश्न क्रॉस स्टिचला साध्या शिवणकामापेक्षा जास्त आहे, असं मला का वाटतं ते सांगते. कुर्ता विटला तर सगळा सारखा विटतो, आणि विटलेलंही छान दिसतं कधीकधी. पण आपल्याकडे कपडा नैसर्गिक रंगाचा आणि फ्लॉस बहुतेक वेळा कारखान्यातल्या पक्क्या रंगाचा. दोन-चार वर्षांत पाठचा कपडा फिकट होणार आणि टाके होते तसेच राहणार, म्हणजे आपण जो मेळ जुळवला होता तो तुटणार. आणि टाक्यांच्या खाली लपलेला कपडा मात्र मूळ रंगाचा राहतो. मी एकदा भिंतीवरच्या एका जुन्या कामातलं एक पान उसवलं होतं, खाली पानाच्या आकाराचा गडद गुलाबी तुकडा, आजूबाजूला सगळं फिकट झालेलं. काही वेळ हातात धरून बसले होते मी ते. तेव्हापासून रंग निवडताना मी कपडा आहे त्यापेक्षा दोन छटा फिकट होईल असं धरूनच फ्लॉस ठेवते, म्हणजे तेव्हाही चित्र उभं राहील.

फ्लॉस निवडायचा विषय निघालाच आहे तर. पॅटर्नवर जे शेड नंबर दिलेले असतात ते पांढऱ्या किंवा ऑफव्हाइट कपड्यासाठी असतात. तेच नंबर विटकरी कपड्यावर टाकले की हिरवा भडक होतो, गुलाबी मरतो आणि राखाडी चक्क हिरवट दिसायला लागतो. मिशेल शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लाँ या टॅपेस्ट्रीच्या कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते, तिथे तक्रार यायची की काळा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हतीच, शेजारी जो रंग विणला होता त्यामुळे डोळ्याला काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठं पुस्तकच काढलं. मला हे कळल्यापासून मी शेड कार्ड बाजूला ठेवते आणि फ्लॉसचे लच्छे सरळ कपड्यावर पसरते, दिवसाच्या उजेडात एकदा, रात्री दिव्याखाली एकदा, आणि ज्या शंका असतील त्यांचे एका कोपऱ्यात चार-चार टाके घालून बघते. लच्छा आणि टाका यातही फरक असतो, टाक्यांच्या मधून कपडा डोकावतो. गडद कपड्यावर फिका रंग असेल तर १४ काउंटला नेहमीचे २ पदर पुरत नाहीत, ३ घ्यावे लागतात. आणि गडद कपड्यावर भोकं दिसत नसतील तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरून त्यावर काम धरा, भोकांतून पांढरं दिसतं, डोळ्यांना केवढा आराम पडतो.

आणि ज्या पॅटर्नमध्ये सगळा कपडा टाक्यांनी झाकला जातो त्याला नैसर्गिक रंगाचा कपडा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुणीतरी एवढी मेहनत करून रंगवलेला कपडा, त्यावरचे ते ढगांसारखे गडद-फिके भाग, ते दिसायला हवेत. अर्धं चित्र कपड्यालाच काढू द्यावं.

काउंटचं एक राहिलंच. आयडावर खळ असते, रंगवताना तो दोन-तीनदा गरम पाण्यातून जातो, खळ निघते, कपडा आटतो, आणि आडवा-उभा सारखा आटतोच असं नाही. माझ्या एका १४ काउंटच्या तुकड्यावर रंगवल्यानंतर आडवे १४ आणि उभे साडेचौदा चौकोन भरले एका इंचात. १४० बाय १४० टाक्यांचं डिझाइन तिथे १० इंच रुंद आणि साधारण ९.७ इंच उंच होणार, फुलांच्या गुच्छात कुणाला कळणार नाही पण गोल चंद्र असेल तर अंडाकृती होईल. म्हणून रंगवलेला कपडा हातात आला की पाकिटावरचा आकडा विसरा आणि पट्टी घेऊन दोन्ही दिशांनी स्वतः मोजा, एका इंचात नाही, ४ इंचांत मोजा आणि भागा. लिनन किंवा इव्हनवीव्ह (आडवे-उभे धागे सारखे असलेलं कापड) असेल तर दोन धाग्यांवर टाका घालतो आपण, तिथेही हेच, २८ काउंट म्हणजे १४ चे टाके, पण मोजूनच. खळ गेल्यामुळे कपडा लुळा वाटतो, काही जणी परत खळ घालतात, काम चालू असेपर्यंत ठीक आहे पण काम संपल्यावर ती धुऊन काढा, ठेवणीतल्या कपड्यात खळ राहिली की तिच्यासाठी कसर येते.

काम करताना मी पाळते त्या गोष्टी फार नाहीत. सुई कधीही कपड्यात सोडायची नाही, अगदी ‘पाच मिनिटांत येते’ म्हटलं तरी नाही, सुईसाठी छोटा लोकरीचा पॅड शेजारी ठेवलाय. पिनांनाही तोच नियम, आणि धातूच्या हूपलाही, स्क्रू गंजका असेल तर तो कपड्याला टेकू देऊ नका. हूप लाकडी असला तरी काम थांबवलं की काढते, कारण हूपच्या कडेला कपडा घासतो आणि नैसर्गिक रंगावर ती गोल रेघ पांढरी दिसायला लागते, सुरकुती नव्हे, तिथला रंगच झिजलेला असतो, इस्त्रीने जात नाही. मोठ्या कामाला मी आता स्क्रोल फ्रेमच (कपडा दोन दांड्यांवर गुंडाळून धरणारी चौकट) घेते. हात धुऊन कोरडे करायचे, क्रीम लावून बसायचं नाही. ग्रिड आखायला पाण्याने जाणारं पेन वापरत नाही, त्यातलं रसायन नैसर्गिक रंगाशी कसं वागेल ते कपड्यागणिक बदलतं, शिवाय धुवायच्या आधी चुकून इस्त्री लागली तर ती निळी रेघ पक्कीच होते. फिक्या रंगाच्या साध्या शिवणाच्या दोऱ्याने ग्रिड टाकते, जरा वेळ जातो पण निर्धास्त.

धुणं. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. माझी एक मैत्रीण, तिचं काम बघत राहावं असं, ती मला म्हणाली, ‘अगं, मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडव, रंग पक्का होतो.’ किती जणींनी मला हे सांगितलंय! होत नाही हो. मीठ कारखान्यातल्या काही रंगांना रंगवतानाच कपड्यात ढकलायला मदत करतं, रंगवून झालेल्या कपड्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि व्हिनेगर म्हणजे आम्ल, मंजिष्ठेला ते केशरी करणार, कोचिनीलच्या (किड्यांपासून मिळणाऱ्या रंगाच्या) किरमिजीला लालकडे नेणार, म्हणजे वाचवायला गेलात आणि रंगच बदलून बसलात. रंग पक्का होतो तो रंगवायच्या आधीच्या तयारीत, नंतर टबात नाही.

मी असं धुते. मोठा टब, थंड पाणी, कपडा पूर्ण बुडून मोकळा पोहेल इतकं. पाण्यात लोखंड असेल, बोअरच्या पाण्यात पुष्कळदा असतं, तर हिरडा, डाळिंबाची साल, चहा, अक्रोड असल्या टॅनिनवाल्या कपड्यांना ते चालत नाही, सगळा कपडा काळवंडतो, त्यांच्यासाठी मी फिल्टरचं पाणी घेते. साबण न्यूट्रल पीएचचा (ना आम्ल ना अल्कली), लिक्विड, अगदी चमचाभर, आणि तो आधी पाण्यात नीट मिसळायचा, मग कपडा सोडायचा. रोजची वॉशिंग पावडर नाही, ती अल्कलाइन असते आणि त्यात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात, ते कपड्यावर बसतात आणि उन्हात निळसर चमकतात, हिरड्याचा किंवा चहाचा जो ऊबदार पिवळेपणा आहे तो त्यात संपतो. ब्लीच तर कुठल्याच रंगाला नको, क्लोरीनने नीळसुद्धा मरते. रिठा चालेल का असं विचारतात, तो सौम्य आहे खरा पण किंचित आम्ल आहे आणि फिक्या कपड्यावर पिवळट झाक सोडतो, मी गडद कपड्यांनाच वापरते.

पाच-सात मिनिटं, हाताने वर-खाली. चोळायचं नाही, पिळायचं नाही, भिजत ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही. मग पाणी बदलत खळबळायचं. आणि समजा लाल फ्लॉसने रंग सोडलाच, तर त्या क्षणी टबातून काढून वाहत्या थंड पाण्याखाली धरायचं, आणि पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत सोडायचं नाही, वीस मिनिटं लागली तर वीस. एकदा का तो वाळला की बसला. पांढऱ्या आयडावर नंतर काहीबाही उपाय करता येतात, नैसर्गिक रंगाच्या कपड्यावर ते सगळे दरवाजे बंद असतात कारण जे लाल डाग काढेल ते खालचा रंगही काढेल. म्हणून गडद लाल लच्छे मी काम सुरू करायच्या आधीच धुऊन वाळवून घेते.

धुऊन झालं की पांढऱ्या टॉवेलवर पसरवायचं, टॉवेलसकट गुंडाळी करून हलकं दाबायचं, मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सपाट, सावलीत. दोरीवर लटकवलं तर पाणी खाली उतरत जातं आणि खालच्या कडेला रंगाची रेघ येते. थोडं दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री, खाली जाड टॉवेल, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. स्टीम इस्त्री जुनी असेल तर आधी फडक्यावर वाफ सोडून बघा, आतल्या गंजाचं पाणी ठिबकलं आणि कपडा टॅनिनवाला असला तर माझ्या त्या ठिपक्यासारखे दहा ठिपके एका झटक्यात.

हिराकसने गडद केलेल्या कपड्याबद्दल एक वेगळी सूचना. तो सुंदर राखी, मेंदी, जवळजवळ काळा रंग हिराकसमुळे येतो, आणि लोखंड वर्षानुवर्षं सुती धाग्याला आतून कमकुवत करत राहतं. संग्रहालयातल्या जुन्या कपड्यांत अनेकदा काळा-तपकिरी भागच आधी विरलेला दिसतो तो यामुळे. कपड्याच्या वजनाच्या १-२ टक्क्यांपर्यंत वापरलं असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर नातवंडांपर्यंत जावं असं काम मी त्यावर करणार नाही. असा कपडा फ्रेममध्ये फार ताणूही नये.

फ्रेम करताना काचेला कपडा टेकू द्यायचा नाही, मधे पट्टी किंवा माउंट हवाच, पाठीमागे ॲसिड-फ्री बोर्ड, आणि चिकटवायचं नाही, पाठीमागून दोऱ्याने आडवं-उभं ओढून बांधायचं. यूव्ही काच घ्या, पण ती घेतली म्हणजे खिडकीसमोर टांगायला मोकळे असं नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग जातो. संग्रहालयं कापडासाठी साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात, खिडकीजवळ दिवसा हजारो लक्स असतात. ११ व्या शतकातलं, फ्रान्समधल्या बायू गावाच्या नावाने ओळखलं जाणारं ते जवळपास ७० मीटर लांबीचं भरतकाम घ्या, लिननवर लोकरीने केलेलं, लोकर मंजिष्ठेच्या कुळातल्या लाल मुळांनी, वेल्ड या वनस्पतीच्या पिवळ्याने आणि वोड या वनस्पतीच्या निळ्याने रंगवलेली. त्याचे मूळ दोरे आजही बोलतात, आणि १९ व्या शतकात दुरुस्तीला घातलेले दोरे त्यांच्यापेक्षा जास्त विटलेत. चांगली तयारी करून दिलेला वनस्पतीचा रंग आणि कमी उजेड, एवढ्यावर ते उभं आहे.

भिंतीवर नसेल तेव्हा घडी नको, गुंडाळी. ॲसिड-फ्री कागद किंवा धुतलेलं मलमल मधे घालून, चांगली बाजू बाहेर ठेवून, आणि वरून सुती पिशवी. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो. लाकडी कपाटात ठेवायचं तर लाकडाला थेट टेकू देऊ नका, लाकडातून आम्लाची वाफ येत राहते. आणि प्रत्येक कामाबरोबर मी आता एक पाकीट ठेवते, त्यात त्याच कपड्याची दोन बोटं पट्टी, कशाने रंगवला, तुरटी की हिराकस, कधी धुतला, कुठल्या शेडचे फ्लॉस, सगळं लिहून. दहा वर्षांनी कुणाला ते धुवायचं झालं तर आधी पट्टीवर करून बघता येईल.

सध्या ३२ काउंटचं लिनन आलंय घरी, मंजिष्ठेचं, विटकरीच्या अलीकडचं गुलाबी. पट्टी खिडकीत लावून आज एकोणीस दिवस झाले, पुठ्ठ्याचा कोपरा उचलून रोज बघते, अजून तरी मला फरक दिसत नाहीये. चार आठवडे पूर्ण झाले की सुरू करेन. सुया नवीन आणल्यात, त्या पॅडमध्येच आहेत.